मधुचंद्राची सहल : स्थळदर्शन आणि लोकजीवन यांचा मेळ

नाताळनंतरचे आठवडे आणि पुनरुत्थान सणानंतरचे आठवडे म्हणजे आपल्या धर्मग्रामांतील लग्नसराईचे दिवस. आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ विवाहासाठी सहसा टाळले जात असल्याने उरलेल्या दिवसांत मांडवामागून मांडव उभे राहतात. हॉल, केटरर, बँड, कपडे आणि आमंत्रणे यांत दोन्ही घरे महिनोन्‌महिने बुडून जातात. या साऱ्या धामधुमीत मधुचंद्राचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. कोणी मित्र एखाद्या एजंटचा क्रमांक देतो, एजंट मोबाईलवर छापील कार्यक्रम पाठवतो, आगाऊ रक्कम भरली जाते आणि विषय मिटतो.

विवाहाच्या उंबरठ्यावरील तरुण-तरुणींशी बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. लग्नाच्या जेवणात कोणते पदार्थ असावेत यावर ज्यांनी दहा बैठका घेतल्या, त्यांनी लग्नानंतरचे पहिले आठ दिवस कसे घालवावेत यावर एकमेकांशी दहा मिनिटेही चर्चा केलेली नसते. वास्तविक हा त्यांच्या सहजीवनातील पहिला मोठा संयुक्त निर्णय असतो. दोघांचा पैसा, दोघांचा वेळ, दोघांच्या आवडी आणि दोघांच्या शरीराचा थकवा या साऱ्यांचा मेळ त्यात घालावा लागतो. म्हणूनच या विषयावर थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांला वाटले. उदाहरणासाठी आम्ही केरळची निवड केली आहे, कारण आपल्याकडील अनेक नवविवाहित तेथे जातात आणि कोकण रेल्वेमुळे तो प्रदेश आपल्याला जवळचा झाला आहे.

पहिले दिवस कशासाठी?

जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात नवविवाहित पुरुषाबाबत एक मोठा हृद्य नियम आहे. त्याला वर्षभर युद्धावर पाठवू नये, त्याच्यावर अन्य कामाचा भार टाकू नये, त्याने घरी राहून पत्नीला आनंद द्यावा, असे तेथे सांगितले आहे. एवढी मोकळीक आजच्या नोकरदाराला कोण देणार? वर्षाचे आठ दिवस झाले आहेत. पण त्यामागचा हेतू बदललेला नाही. दोन माणसांना एकमेकांसाठी मोकळा वेळ मिळावा, हाच तो हेतू.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अमोरिस लेतिशिया’ या प्रबोधनपत्रात विवाहाच्या तयारीविषयी एक वास्तव मांडले आहे. आमंत्रणे, कपडे व मेजवानी यांच्या तपशिलात पैसा तर जातोच, शिवाय शक्ती आणि आनंदही संपतो आणि वधूवर थकलेल्या अवस्थेत विवाहसंस्काराला सामोरे जातात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. अशा थकलेल्या जोडप्याला दुसऱ्याच दिवशी आणखी एका धावपळीत लोटणे शहाणपणाचे नाही.

आमच्या परिचयातील एका जोडप्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. सहा दिवसांत पाच ठिकाणे, असा त्यांचा केरळचा कार्यक्रम होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर पोहोचल्यावर, उद्या पहाटे किती वाजता निघायचे या क्षुल्लक प्रश्नावरून त्यांचे पहिले भांडण झाले. पुढे वर्षभराने हसत हसत त्यांनी ते सांगितले. पण वधूने जोडलेले एक वाक्य आमच्या मनात राहिले. त्या सहलीत आपण नवऱ्यापेक्षा ड्रायव्हरशी जास्त बोललो, असे ती म्हणाली.

दोष कार्यक्रमात असतो

त्या कार्यक्रमाचा हिशेब मांडून पाहू. कोची, मुन्नार, थेक्कडी, आलप्पुझा व कोवळम ही पाच ठिकाणे नकाशावर जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात कोचीहून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर आहे व घाटामुळे चार तास सहज लागतात. मुन्नार ते थेक्कडी साडेतीन तास, थेक्कडी ते आलप्पुझा चार तासांहून अधिक आणि तेथून कोवळम पुन्हा तेवढेच. म्हणजे केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यात सोळा तास मोटारीत जातात. जेवणाचे थांबे व स्थानिक फेरफटका वेगळाच.

महाबळेश्वर आणि माथेरान यांनी आपल्याला ‘पॉइंट’ पाहण्याची सवय लावली आहे. पॉइंटवर उतरायचे, फोटो काढायचा, मका किंवा चहा घ्यायचा, पुन्हा गाडीत बसायचे. अशा प्रवासात प्रदेश डोळ्यांसमोरून सरकतो, परंतु तेथील माणूस कधी भेटतच नाही. याउलट काही जण ‘आम्हांला काहीच पाहायचे नाही, फक्त स्थानिक जीवन अनुभवायचे आहे’ असा आग्रह धरतात. तेही टोकच होय. चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास असलेल्या वास्तूंच्या दारावरून जाऊन त्या न पाहता परतणे, यात मोठेपणा नाही.

मध्यममार्ग सोपा आहे. सहा रात्रींसाठी तीनच मुक्काम निवडावेत व प्रत्येक ठिकाणी दोन रात्री राहावे. दर दिवशी एक गोष्ट पाहण्याची आणि एक गोष्ट स्वतः सहभागी होण्याची ठेवावी. दिवसाचा उरलेला भाग कोरा सोडावा. तो कोरा भाग आळसासाठी, गप्पांसाठी किंवा वाटेत अचानक सापडलेल्या एखाद्या गोष्टीसाठी असतो. ठिकाणे निवडताना दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापल्या तीन इच्छा लिहाव्यात व मग ते कागद एकत्र ठेवावेत. नवी नवरी संकोचाने ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणते, तेव्हा तिला खरोखर काहीच नको असते असे नाही.

फोर्ट कोची : पायी फिरण्याचे गाव

आमच्या मते आरंभ फोर्ट कोचीपासून करावा. दीर्घ प्रवासानंतर लगेच घाट चढण्याऐवजी दोन दिवस सपाटीवर विसावा मिळतो आणि येथे मोटारीची गरजही जवळजवळ नाही. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला सरकारी बोटीने अत्यल्प तिकिटात जाता येते. २०२३ साली सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या वातानुकूलित बोटीही आता तेथवर जातात.

वसईच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्यांना हे गाव ओळखीचे वाटेल. पोर्तुगीजांनी येथे १५०३ साली किल्ला बांधला. वसई त्यांच्याकडे १५३४ साली आली. कोची त्यांच्या हातून १६६३ साली डचांकडे गेली, तर वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. येथील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामा याला पुरण्यात आले होते. १५२४ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी तो कोचीत मरण पावला. पुढे १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले, परंतु कबरीची जागा आजही दाखवली जाते. हे चर्च डचांच्या व नंतर इंग्रजांच्या ताब्यातून आज चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आले आहे. तेव्हा कॅथोलिक मिस्सासाठी जवळच असलेल्या सांताक्रूझ कॅथीड्रल बॅसिलिकामध्ये जावे. आजची ही वास्तू १९०५ साली अभिषिक्त झाली व १९८४ साली तिला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

मट्टनचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी दुरुस्ती केल्यामुळे त्याला डच पॅलेस हे नाव पडले. तेथील रामायणाची भित्तिचित्रे निवांतपणे पाहण्यासारखी आहेत. शेजारचे परदेशी सिनेगॉग १५६८ सालचे आहे. त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. येथे नियोजनाचा एक मुद्दा लक्षात ठेवावा. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी व ज्यू सणांच्या दिवशी बंद असते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण बंद दारासमोर फोटो काढून परततात.

आता लोकजीवनाकडे वळू. खाडीच्या तोंडाशी असलेली चिनी जाळी सर्वांनी चित्रात पाहिलेली असतात. स्थानिक लोक त्यांना ‘चीनवला’ म्हणतात. लांब लाकडी दांड्यांवर ताणलेले जाळे पाण्यात उतरते आणि दोरांना बांधलेल्या जड दगडांच्या समतोलावर चार-सहा मच्छीमार ते वर ओढतात. दुरून फोटो काढण्यापेक्षा सकाळी लवकर जावे, त्यांना विचारून एकदा दोर ओढून पाहावा. ते थोड्या मोबदल्याची अपेक्षा करतात व ती रास्त आहे. कारण त्यांच्या जाळ्यात येणारी मासळी पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि जाळ्यांची संख्याही घटत चालली आहे. आपल्या कोळीवाड्यांची कथा याहून निराळी नाही.

मट्टनचेरीत फिरताना कानांवर कोकणी शब्द पडले तर चकित होऊ नये. सोळाव्या शतकात गोव्याहून स्थलांतरित झालेली कोकणीभाषक कुटुंबे येथे चेरळाय भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. बाजाररस्त्यावरील मसाल्यांच्या जुन्या वखारी, मिरी व सुंठीचा वास, धोबीखान्यात आजही हाताने चालणारे धुण्याचे काम या साऱ्यांसाठी तिकीट लागत नाही. संध्याकाळी कथकलीचा प्रयोग पाहायचा असेल तर तासभर आधी जावे. नट रंगमंचावर बसूनच चेहरा रंगवतात आणि ते पाहताना पुढचा खेळ अधिक कळतो.

मुन्नार : चहामागची माणसे

मुन्नार समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० ते १,६०० मीटर उंचीवर आहे. मट्टुपेट्टी, एको पॉइंट, टॉप स्टेशन ही ठिकाणे ड्रायव्हर आपणहून दाखवतो. त्यांतील एक-दोन पुरेत. खरे पाहण्यासारखे आहे ते एरविकुलम राष्ट्रीय उद्यान. येथे नीलगिरी ताहर हा दुर्मीळ डोंगरी प्राणी अगदी जवळून दिसतो. दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर आनमुडी (२,६९५ मीटर) याच उद्यानात आहे. खासगी वाहने आत जाऊ दिली जात नाहीत, वनखात्याच्या बसमधून जावे लागते. प्राण्यांच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद ठेवले जाते. प्रायश्चित्तकाळ लागण्यापूर्वी घाईने विवाह उरकून तेथे जाणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. दर बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी २०१८ साली फुलली होती. तिचा पुढचा बहर २०३० साली अपेक्षित आहे, तेव्हा ‘या वर्षी कुरिंजी दाखवतो’ असे कोणी म्हटल्यास विश्वास ठेवू नये.

चहाच्या मळ्यात उभे राहून फोटो काढण्याचा मोह सर्वांना होतो. त्या हिरव्या गालिच्यामागे माणसांचे श्रम आहेत, हे चहाचे संग्रहालय पाहिल्यावर उमगते. पाने खुडण्यापासून ती वाळवणे, चुरणे व भाजणे येथपर्यंतची कृती तेथे समजते. खुडणी करणाऱ्या बहुतेक स्त्रिया तमिळभाषक कुटुंबांतील आहेत आणि त्यांच्या कित्येक पिढ्या याच मळ्यांतील लाइनींत राहिल्या आहेत. २०१५ सालच्या सप्टेंबरमध्ये याच स्त्रियांनी बोनस व मजुरीसाठी ‘पेंबिळै ओरुमै’ या नावाने मोठा संप केला आणि पुरुषांच्या हाती असलेल्या संघटनांना बाजूला सारून स्वतः वाटाघाटी केल्या. हे ठाऊक असलेला पर्यटक त्यांचा फोटो न विचारता काढणार नाही. पाठीवर ओझे घेऊन उतारावर उभ्या असलेल्या स्त्रीला ‘जरा इकडे बघा’ म्हणणे आपल्या घरच्या बाईमाणसाच्या बाबतीत आपल्याला रुचले नसते.

दुसऱ्या दिवशी सुमारे ४० किलोमीटरवरील मरयूरला जावे. वाटेत चंदनाची राखीव जंगले लागतात. मरयूरच्या उसाच्या गुळाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेतालगतच्या गुऱ्हाळात काहिलीतून गूळ काढला जातो व हाताने त्याचे गोळे वळले जातात. पश्चिम महाराष्ट्रातील गुऱ्हाळ पाहिलेल्यांना तुलना करण्यात मौज वाटेल आणि गुऱ्हाळवाला ती ऐकून आपणहून चार गोष्टी सांगेल.

एक इशारा मात्र गांभीर्याने द्यावासा वाटतो. पावसाळ्यात स्वस्त दराच्या मोहाने डोंगराळ केरळात जाऊ नये. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये मुन्नारजवळील पेट्टिमुडी येथे आणि २०२४ सालच्या जुलैमध्ये वायनाडमध्ये दरडींनी घेतलेले बळी विसरता येणार नाहीत.

कुट्टनाड : पाण्यातले शेजारपाजार

शेवटचे दोन दिवस आलप्पुझा व कुट्टनाडसाठी ठेवावेत. घाटातून उतरून आल्यावर शरीराला विश्रांती हवी असते आणि येथील जीवनाची गतीच संथ आहे. कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीपेक्षा खालच्या पातळीवर भातशेती होते. बांध घालून, पाणी उपसून तळ्यातून जमीन मिळवण्याची ही पद्धती इतकी विलक्षण आहे, की संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली तिला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. घराच्या पायरीशी पाणी, पाण्यापलीकडे भात आणि भातापलीकडे माड. ज्यांच्या लहानपणी वाडीत बावखल होते, त्यांना या पाण्याशी ओळख करून द्यावी लागत नाही.

हाउसबोट हवी की नको, हा येथला मुख्य प्रश्न. आमचे मत असे, की एक रात्र जरूर घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. हाउसबोट दुपारी बाराच्या सुमारास ताब्यात मिळते व दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास सोडावी लागते. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर मच्छीमारांची जाळी पाण्यात पडतात, म्हणून बोटी काठाला बांधून ठेवतात. म्हणजे प्रत्यक्ष विहार चार-पाच तासांचाच होतो. अनेक बोटींवर वातानुकूलन फक्त रात्री चालू असते. या गोष्टी आगाऊ विचारून लेखी घ्याव्यात. केरळ पर्यटन खात्याने हाउसबोटींचे हिऱ्याचा, सोन्याचा व चांदीचा असे दर्जे ठरवले आहेत आणि पर्यावरणाची काळजी घेणाऱ्यांना ‘ग्रीन पाम’ प्रमाणपत्र दिले जाते. ते आहे का, हे पाहावे. सांडपाण्याने वेम्बनाड सरोवराची काय अवस्था होत आहे, हे स्थानिक मच्छीमार सांगू शकतील. लाइफ जॅकेट नसलेल्या वा क्षमतेबाहेर माणसे भरलेल्या कोणत्याही बोटीत पाऊल ठेवू नये. २०२३ सालच्या मे महिन्यात मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे अशाच बेपर्वाईने २२ जण बुडाले.

दुसरी रात्र एखाद्या कुटुंबाच्या घरी, होमस्टेमध्ये काढावी. येथे पाहुणा हा ग्राहकाहून थोडा अधिक असतो. सकाळी घरमालकीण ‘अप्पम’ व ‘स्ट्यू’ करताना स्वयंपाकघरात उभे राहू देते. ‘करिमीन’ केळीच्या पानात कसे भाजायचे, कप्पा म्हणजे कंद शिजवून मासळीच्या आमटीबरोबर कसा खायचा, हे तेथेच शिकता येते. जाताना वसईची सुकेळी सोबत न्यावी. आपल्या राजेळी केळ्याच्या जवळचे नेंद्रन केळे केरळात घरोघरी असते, त्यामुळे सुकेळी पाहून गप्पांना आपोआप सुरुवात होते. चेट्टा म्हणजे थोरला भाऊ, चेची म्हणजे थोरली बहीण आणि नन्नी म्हणजे धन्यवाद, एवढे तीन शब्द पाठ केले तरी पुष्कळ दारे उघडतात.

राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी म्हणजे येथली एसटी. शाळकरी मुले, भाजीची टोपली घेतलेल्या बाया, बाजारहाट करून परतणारे शेतकरी यांच्याबरोबर आलप्पुझाहून कोट्टयमपर्यंतचा सुमारे अडीच तासांचा प्रवास करावा. हाउसबोटीवरून जे दृश्य म्हणून दिसले, ते येथे शेजार म्हणून भेटते. कुमरकोम परिसरात २००८ सालापासून रुजलेल्या जबाबदार पर्यटनाच्या उपक्रमात काथ्या वळणे, केतकीच्या पातीच्या चटया विणणे, जाळे फेकणे ही कामे गावकरी स्वतः शिकवतात आणि मिळणारा पैसा गावात राहतो.

याच पाण्यात कैनकरी हे गाव आहे. १८०५ सालच्या १० फेब्रुवारीला संत कुरियाकोस एलियास चावरा यांचा जन्म येथे झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली त्यांना संतपद दिले. चर्चच्या जोडीला शाळा असली पाहिजे, हा आग्रह त्यांनी एकोणिसाव्या शतकात धरला. जानेवारीत जाणाऱ्यांनी अर्थुंकल येथील संत सेबास्तियनचा सण जमल्यास पाहावा. त्याचा मुख्य दिवस २० जानेवारी आहे आणि त्यात सर्व धर्मांचे लोक येतात.

पहिला रविवार

सहलीचा आराखडा आखताना रविवार कोठे येतो, हे आधी पाहावे. पती-पत्नी म्हणून एकत्र केलेली पहिली रविवारची मिस्सा प्रवासात हरवू नये. केरळात लॅटिन, सिरो-मलबार व सिरो-मलंकरा असे तीन कॅथोलिक विधी आहेत. तिन्हींमध्ये आपण निःसंकोच सहभागी होऊन ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतो. मात्र ऑर्थोडॉक्स, याकोबाइट व मार्थोमा ही चर्चेस वेगळी आहेत. नावे सारखी वाटल्याने गल्लत होते, तेव्हा विचारून घ्यावे. सिरो-मलबार विधी लांबीला थोडा अधिक असतो आणि काही ठिकाणी पादत्राणे बाहेर ठेवली जातात. भाषा मल्याळम असली तरी विधीचा ओघ कळतो. तोबितच्या ग्रंथात तोबिया व सारा यांनी सहजीवनाचा आरंभ प्रार्थनेने केला होता, याचे स्मरण त्या वेळी सहज होते.

तिकीट, नाव आणि पैसा

काही व्यावहारिक सूचना. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते, पूर्वीप्रमाणे १२० दिवस नव्हे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्सप्रेस केरळला जाते आणि गुजरातहून कोकणमार्गे जाणाऱ्या काही गाड्या वसई रोडला थांबतात. प्रवास सुमारे एक दिवस व एक रात्र चालतो. तो वाया गेला असे समजू नये. लग्नाच्या गडबडीनंतर दोघांना मिळालेला तो पहिला निवांत वेळ असतो.

वधूचे तिकीट तिच्या ओळखपत्रावर असलेल्या नावानेच काढावे. हौसेने नव्या आडनावाने तिकीट काढले आणि आधारकार्डावर माहेरचे नाव राहिले, तर वाटेत व विमानतळावर अडचण येते.

पैशांबाबत आमचे स्पष्ट मत आहे. मधुचंद्रासाठी कर्ज काढू नये. सहल आठ दिवसांत संपते आणि हप्ते दोन वर्षे चालतात, हे संसाराच्या पहिल्या पायरीवरच पदरात घेण्याजोगे ओझे नाही. दोघांनी मिळून एक रक्कम ठरवावी. तिचा एक भाग प्रवासाला, एक मुक्कामाला व जेवणाला आणि एक छोटा भाग अनपेक्षित गोष्टींसाठी राखावा. नाताळ ते नववर्ष या काळात दर चढलेले असतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर गेल्यास त्याच पैशांत एक रात्र अधिक राहता येते. एप्रिल-मेमध्ये किनारपट्टीवर उकाडा असतो, तेव्हा मुक्कामाचा तोल मुन्नारकडे झुकवावा. ड्रायव्हर मसाल्याच्या वा आयुर्वेदिक औषधांच्या ठराविक दुकानांकडे नेतो, कारण तेथे त्याला कमिशन मिळते. त्याच्यावर रागावू नये. ‘आम्हांला खरेदी करायची नाही’ असे पहिल्याच दिवशी हसून सांगावे आणि शेवटच्या दिवशी त्याला योग्य बक्षिसी द्यावी.

दोन्ही घरच्या आईवडिलांना दिवसातून एकदा फोन करावा. त्यांचा जीव गुंतलेला असतो. परंतु प्रत्येक जेवणाचा फोटो सर्व नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याची आवश्यकता नाही. काही क्षण फक्त दोघांचे असू द्यावेत.

परतताना

सहलीची परीक्षा फोटोंच्या संख्येवर होत नाही. पैसा किती व कशावर खर्चावा, थकलेल्या जोडीदाराशी कसे वागावे, अनोळखी माणसाशी आदराने कसे बोलावे, बेत फसला तर एकमेकांवर न चिडता दुसरा बेत कसा करावा, या साऱ्यांचा सराव या आठ दिवसांत होतो. घरी परतल्यावर याच गोष्टी रोजच्या रोज लागणार असतात. मुन्नारचे धुके विसरले जाईल, पण एकत्र बसून ठरवण्याची सवय संसारात उपयोगी पडत राहील.

या लग्नसराईत विवाहबद्ध होणाऱ्या सर्व वधूवरांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा. काना गावच्या लग्नघरी जो पाहुणा होता, तो त्यांच्या प्रवासात व घरातही त्यांच्या सोबत राहो.